अंबाडी, भेंडी व जास्वंद : फुलाच्या बुडावरून जात ओळखण्याची रीत

(लेखक : एक सेवानिवृत्त महसुली कारकून, सोनई, ता. नेवासें)

आमच्या सोनईच्या शिवारांत 'अंबाडी' हा शब्द उच्चारला म्हणजे सर्वांच्या मनांत एकच वस्तु उभी राहते असें नाहीं. कोणास लसणाची फोडणी दिलेली आंबट भाजी आठवते, कोणास बैलांचीं दावीं व कासरे आठवतात, आणि हल्लींच्या मुलांस तांबडें सरबत आठवतें. नांव एक आहे, परंतु झाडें दोन आहेत. आणि हीं दोन झाडें एकमेकांचीं निराळीं रूपें नसून वनस्पतिशास्त्राप्रमाणें दोन स्वतंत्र जाती आहेत. ही गोष्ट मला वयाची पन्नाशी उलटल्यावर, आणि तीही पदरचें नुकसान सोसून कळली. म्हणून तिची हकीकत प्रथम सांगून मग ओळखीच्या खुणांकडे वळतों.

माझी सर्व नोकरी कारकुनींत गेली. गांवोगांवच्या तलाठ्यांकडून पीकपाहणीचे तक्ते येत. त्यांत 'अंबाडी' असा शब्द दिसला कीं तो मी तसाच पुढच्या तक्त्यांत उतरवीत असें व क्षेत्राची बेरीज करीत असें. बेरजेंत चूक सांपडली तर साहेब बोलत. झाड कोणतें हें विचारण्याचें कोणास कारण नव्हतें. आतां ती सोय राहिलेली नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली असून आपल्या शेतांतील पिकाचें नांव आपणच मोबाईलवर निवडावयाचें आहे. नांव चुकलें तर दोष तलाठ्याच्या माथीं मारतां येणार नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर मीं दहा गुंठ्यांत अंबाडी करण्याचें ठरविलें. सरबताकरितां जीं तांबडीं, रसाळ बोंडें सुकवून विकतात, तीं घेण्याचें एका व्यापाऱ्यानें कबूल केलें होतें. तालुक्यांतल्याच एका गृहस्थांकडे 'लाल अंबाडीचें बीं' मागितलें व त्यांनीं तें दिलें. पाऊस चांगला झाला, रोपें तरारलीं, खोड दिसावयास लालभडक. मी निश्चिंत होतों. खुरपणीच्या वेळीं आमच्या थोरल्या काकू शेतांत आल्या होत्या. त्यांनीं एका रोपाच्या खोडावरून बोट फिरविलें आणि म्हणाल्या, "आरं, हिच्या अंगाला कुसळं हायेत. ही दाव्याची अंबाडी, बोंडाची न्हवं." मीं त्यांना लाल खोड दाखविलें व हंसलों. दिवाळीच्या सुमारास फुलें आलीं, गळलीं, आणि फुलांच्या मागें रसाळ बोंड धरण्याऐवजीं कुसळांनीं भरलेलीं, हातास खाज आणणारीं कोरडीं फळें धरलीं. व्यापाऱ्यास दिलेला शब्द पाळतां आला नाहीं. बीं देणाऱ्या गृहस्थांस मीं रागानें पत्र लिहिलें. त्यांचें उत्तर दोन ओळींचें होतें : आपण लाल अंबाडी मागितली, मीं लाल अंबाडीच दिली, खोड पाहावें.

त्यांचें म्हणणें खरें होतें. मी बोंडाचा रंग मनांत धरून 'लाल' म्हणत होतों व ते खोडाचा रंग मनांत धरून. दोघांपैकीं कोणीही खोटें बोललें नव्हतें. त्या दिवसापासून मी झाडाचा रंग सोडून फुलाचें बूड पाहूं लागलों.

हें बूड म्हणजे काय, तें समजण्यास दारची जास्वंद हातीं घ्यावी. एकेरी पाकळ्यांचें फूल घ्यावें. दुहेरी फुलांत पुष्कळसे केसर पाकळ्यांचें रूप घेतात, त्यामुळें नवख्यास आंतील रचना नीट दिसत नाहीं. देठाकडून वर येतांना प्रथम बारीक हिरव्या पट्ट्यांचें एक कडें लागतें. त्यास आपण उपकोश म्हणूं. त्याच्या लगत वर, पांच दांत्यांचा हिरवा पेला असतो, तो पुष्पकोश. कळी असतांना पाकळ्यांचें रक्षण हा पेला करतो. त्याच्या आंत पांच पाकळ्या, आणि मधोमध बाहेर आलेली एक लांब नळी, जिच्या अंगावर पिवळ्या परागाच्या गांठी लागलेल्या असतात. पुंकेसरांच्या तंतूंची मिळून ही एकच नळी झालेली असते. नळीच्या तोंडांतून स्त्रीकेसराचे पांच फांटे डोकावतात. केसरांची अशी नळी, झाडाच्या सालींत चिवट वाख, आणि पानें चुरडलीं असतां हातास लागणारा बुळबुळीत चीक, हीं सर्व जेथें एकत्र दिसतील तेथें तें झाड भेंडीच्या कुलांतील समजावें. कापूस ह्याच कुलांतला आहे. ताग मात्र नव्हे. ताग व अंबाडी यांचा वाख बाजारांत शेजारीं शेजारीं विकला जात असला तरी तागाचें फूल हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या फुलाच्या घडणीचें असतें आणि त्यास शेंग धरते. हा घोटाळा जाणत्या माणसांकडूनही होतो.

आतां दोन अंबाड्या शेजारीं ठेवूं. सोयीसाठीं मी एकीस वाखाची अंबाडी व दुसरीस बोंडाची अंबाडी म्हणतों. वाखाच्या अंबाडीचें शास्त्रीय नांव हिबिस्कस कॅनाबिनस. बोंडाच्या अंबाडीचें हिबिस्कस सॅब्डॅरिफा. दोहींचीं फुलें फिकट पिवळीं व मध्यभागीं गडद तांबडीं असतात. दोन्ही सकाळीं उमलतात व दुपारपर्यंत मिटूं लागतात. दोहींचीं पानें आंबट लागतात व दोहींची भाजी होते. म्हणून फुलाचा रंग आणि पानाची चव ह्या दोन्ही खुणा येथें कामाच्या नाहींत.

पाकळ्या गळल्यावर जें मागें राहतें तें पाहावें. बोंडाच्या अंबाडींत पुष्पकोश वाळत नाहीं. उलट फळ वाढत असतां तो मांसल होत जातो, रसानें भरतो व फळास सर्व बाजूंनीं कवेंत घेतो. आपण ज्यास 'अंबाडीचें बोंड' म्हणून खुडतों तें वस्तुतः फळ नव्हे. तो हा फुगलेला पुष्पकोश आहे. खरें फळ त्याच्या आंत असतें, व सरबत करणारे तें काढून टाकतात. वाखाच्या अंबाडीचा पुष्पकोशही फळाबरोबर टिकतो, पण तो कोरडा राहतो. त्याच्या खंडांचीं टोकें लांब निमुळतीं असतात व त्यांवर राठ कुसळें असतात.

परंतु फळ धरेपर्यंत थांबण्याची गरज नाहीं, आणि ह्या लेखाचें मुख्य प्रयोजन हेंच आहे. फूल उमलेल त्याच दिवशीं उपकोशाच्या पट्ट्या नखानें मागें ओढून पाहाव्या. वाखाच्या अंबाडींत ह्या पट्ट्या बहुधा सात किंवा आठ, अरुंद व पुष्पकोशापासून मोकळ्या असतात. नखानें ओढल्यास त्या सहज मागें वळतात. बोंडाच्या अंबाडींत त्या आठ ते बारा असून बुडाशीं पुष्पकोशाला जुळलेल्या असतात. ओढल्यास त्या पेल्याचा थोडा गर घेऊन फाटतात. ही परीक्षा मीं पुष्कळ झाडांवर करून पाहिली. हाताची संवय झाली म्हणजे डोळे मिटूनही करतां येते.

कित्येक शेतकरी पुष्पकोशावर मुंग्या दिसल्या म्हणजे ती वाखाची अंबाडी समजतात. ह्यांत थोडें तथ्य आहे. वाखाच्या अंबाडीच्या पुष्पकोशाच्या खंडांवर, मधल्या शिरेवर मधुरस स्रवणारी एकेक ग्रंथि असते व मुंग्या तिच्यासाठीं येतात. पण अशी ग्रंथि बोंडाच्या अंबाडीवरही कित्येकदां आढळते. मुंग्यांची साक्ष म्हणून ग्राह्य धरूं नये.

काकूंनीं केलेली बोटाची परीक्षा कितपत खरी? आपल्या भागापुरती ती बरीच खरी आहे. वाखाच्या अंबाडीच्या खोडास व पानांच्या देठांस बारीक कुसळें असतात. बोंडासाठीं किंवा भाजीसाठीं लावितात ती सॅब्डॅरिफा बहुतेक गुळगुळीत असते. परंतु सॅब्डॅरिफाचाच उंच वाढणारा, वाखासाठीं लावला जाणारा एक प्रकार आहे, त्याचें खोड कांटेरी असून त्याचा पुष्पकोश खाण्याजोगा होत नाहीं. बीं दूरच्या प्रांतांतून आलें असेल तर केवळ बोटावर विसंबूं नये. फूल येईपर्यंत निर्णय राखून ठेवावा. तरी माझ्या दहा गुंठ्यांच्या बाबतींत बोट बरोबर होतें आणि मी चूक होतों, हें येथें लिहून ठेवणें मला प्राप्त आहे.

पानांचें काय, असें वाचक विचारतील. पानांवरून ओळखणें सर्वांस सोपें वाटतें, कारण पानें बारा महिने समोर असतात. परंतु ह्या झाडांत पानासारखी फसवी वस्तु दुसरी नाहीं. एकाच झाडाचीं खालचीं पानें अखंड असतात व वरचीं पंज्यासारखीं चिरलेलीं असतात. बिहारांत पुसा येथील शेतकी संशोधनसंस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड व त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांनीं देशांतील अंबाडीचे नाना प्रकार एकत्र लावून त्यांचा अभ्यास केला व तो १९११ सालीं प्रसिद्ध केला. एकट्या वाखाच्या अंबाडींत त्यांनीं पांच प्रकार ठरविले, आणि ते ठरविले ते खोडाचा रंग व पानाचा आकार यांवरूनच. हिरवें खोड व अखंड पान, लाल खोड व चिरलेलें पान, अशा निरनिराळ्या जोड्या एकाच जातींत मिळतात, असा त्याचा अर्थ. जी खूण एकाच जातींत बदलते, ती दोन जातींमधला भेद कशी सांगणार? आंध्र व तेलंगणांत जिला गोंगुरा म्हणतात ती सॅब्डॅरिफाच. तिच्यांतही हिरव्या खोडाची व लाल खोडाची अशा दोन्ही मिळतात. माझी फसगत झाली ती ह्याच ठिकाणीं. लाल खोड हें प्रकाराचें लक्षण होतें, मीं तें जातीचें लक्षण मानलें.

दोन जातींतील हा भेद केवळ फुलाच्या बुडापुरता आहे असेंही नाहीं. अलीकडील शास्त्रज्ञांनीं पेशींतील गुणसूत्रें मोजलीं तेव्हां वाखाच्या अंबाडींत तीं ३६ व बोंडाच्या अंबाडींत ७२ भरलीं. ह्यामुळें त्यांचा आपसांत संकर सहजासहजीं होत नाहीं. दोन्ही एका बांधावर लावल्यानें बीं बिघडेल ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं. पोत्यांत मिसळलें तर तो दोष मालकाचा.

रंगाविषयीं आणखी एक उदाहरण देऊन हा विषय सोडतों. बागांतून स्थलकमल नांवाचें एक मोठ्या पानांचें झाड लावितात. मूळचें तें चीन देशांतलें, शास्त्रीय नांव हिबिस्कस म्यूटाबिलिस. त्याचें फूल सकाळीं पांढरें, दुपारीं गुलाबी व संध्याकाळीं तांबडें होतें. रंगावरून जात ठरविणारा मनुष्य एका दिवसांत त्याच्या तीन जाती करील.

भेंडीची गोष्ट निराळी आहे व आमच्या बागाईतदारांस ती अंबाडीपेक्षां अधिक महत्त्वाची आहे. कारण मुळा धरणाचें पाणी आल्यापासून येथें ऊंस व भाजीपाला वाढला आणि अंबाडी बांधावर जाऊन बसली. लिनिअस यांनीं १७५३ सालीं भेंडीस जास्वंदीच्याच प्रजातींत घालून हिबिस्कस एस्क्युलेंटस असें नांव दिलें. पुढें १७८७ सालीं मेडिकस यांनीं ॲबेलमॉस्कस ही स्वतंत्र प्रजाति केली. तरीही जुने ग्रंथकार पुष्कळ काळ भेंडीस हिबिस्कसच म्हणत राहिले, आणि १९२४ सालीं होख्रॉयटिनर यांनीं हा भेद पुन्हां मांडल्यानंतर तो हळूहळू सर्वमान्य झाला. त्यांचा आधार कोणता? फुलाचें बूडच.

भेंडीची एक मोठी कळी घेऊन ती उमलेपर्यंत लक्ष ठेवावें. तिचा पुष्पकोश जास्वंदीप्रमाणें पांच समान खंडांनीं उघडत नाहीं. तो एका बाजूनें उभा फाटतो व पाकळ्यांच्या एका अंगास म्यानासारखा लोंबत राहतो. पुष्पकोश, पाकळ्या व केसरांची नळी हीं तिन्ही बुडाशीं जुळलेलीं असतात. म्हणून फूल गळतें तेव्हां तीं एकत्रच गळून पडतात व कोंवळी भेंडी उघडी राहते. अंबाडीच्या फळाखालीं पुष्पकोश कायम असतो, भेंडीच्या खालीं नसतो. ही खूण पाहण्यास भिंगही लागत नाहीं. भाजीवालीकडची भेंडी घ्या व अंबाडीचें फळ घ्या, म्हणजे झालें.

ह्याच खुणेनें रानभेंडी ओळखतां येते. आपल्या काळ्या जमिनींत, कपाशींत व पडीक बांधांवर जी पांढऱ्या फुलांची रानभेंडी उगवते ती ॲबेलमॉस्कस फिकुल्नियस. फुलाचा मध्य जांभळट असतो, उपकोशाच्या पट्ट्या लवकर गळतात, आणि फळ आंखूड, पांच कंगोऱ्यांचें असतें. दुसरी एक, मॅनिहॉट नांवाची, मोठ्या पिवळ्या फुलांची. तिच्या उपकोशाच्या पट्ट्या चार ते सहाच, पण पानासारख्या रुंद, व त्या फळाखालीं टिकून राहतात. लागवडीच्या भेंडींत ह्याच पट्ट्या आठ ते बारा, दोऱ्यासारख्या अरुंद व लवकर गळणाऱ्या. तिसरी कस्तुरभेंडी, जिचें बीं चोळलें असतां सुगंध येतो.

ही ओळख करून घेण्यांत काय साधतें तें सांगतों. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून पानावर जाळें दिसूं लागतें, पुढें फळही पांढरट पिवळें होतें; त्यास आपण हळद्या म्हणतों. हा विषाणूचा रोग असून पांढरी माशी त्याचा प्रसार करते. मुंबई इलाख्यांत त्याची नोंद कुलकर्णी यांनीं १९२४ सालीं केली. शेतांत भेंडी नसते त्या दिवसांत कांहीं रानभेंड्या व इतर तणें ह्या विषाणूस आसरा देतात. म्हणजे बांधावरची रानभेंडी उपटणें हें भेंडीच्या लागवडीपूर्वीचें काम आहे. गंमत अशी कीं औषधही त्याच घराण्यांत सांपडलें. परभणीच्या कृषि विद्यापीठांत मॅनिहॉटशीं भेंडीचा संकर करून १९८० नंतरच्या दशकांत 'परभणी क्रांति' हा वाण काढण्यांत आला. हळद्यास तोंड देणारा म्हणून तो देशभर गेला. पुढें ठिकठिकाणीं त्यावरही रोग दिसूं लागला, तरी त्यानें दिलेला आधार विसरण्यासारखा नाहीं.

ज्यांस भेंडीचें प्रमाणित बियाणें करावयाचें आहे त्यांनीं तर रानभेंडी डोळ्यांत तेल घालून शोधावी. बीजप्रमाणीकरणाच्या नियमांत रानटी ॲबेलमॉस्कस हें भेंडीच्या शेतांतील आक्षेपार्ह तण मानलेलें आहे, आणि तपासणीस येणारा मनुष्य तें पाहतोच. भेंडीच्या फुलांवर मधमाश्या येतात व कांहीं प्रमाणांत परपरागण होतें, म्हणून दोन वाणांत प्रमाणित बियाण्यासाठीं २०० मीटर व पायाभूत बियाण्यासाठीं ४०० मीटर अंतर सोडावें लागतें. लहान खातेदारास हें अंतर शेजाऱ्याच्या संमतीवांचून मिळत नाहीं. तेव्हां बोलणें पेरणीपूर्वींच करावें.

बाकीच्या नातेवाईकांविषयीं थोडक्यांत. उपकोशाच्या पट्ट्या तीनच, मोठ्या, हृदयाकृति व कांठास दांतेरी असतील तर तो कापूस. उपकोश मुळींच नसेल तर पेटारी किंवा चिकणा. रस्त्याच्या कडेस लावलेल्या पारोसा पिंपळाचें फूल भेंडीसारखें पिवळें दिसतें, पण त्याचा पुष्पकोश कांठास सरळ कापलेल्या वाटीसारखा असून त्यास स्पष्ट दांते नसतात. दारची जास्वंद, म्हणजे संस्कृतांतील जपा, शास्त्रीय नांवानें हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. तिला आपल्याकडे बीं क्वचितच धरतें व ती फांदी लावूनच वाढवितात, म्हणून तिच्याविषयीं बियाण्याचा घोटाळा होण्याचा संभव नाहीं. पाकळ्या झालरीसारख्या कातरलेल्या व फूल लांब देठावर खालीं लोंबणारें असेल तर ती जास्वंदीची आफ्रिकेंतील बहीण, हिबिस्कस स्किझोपेटॅलस.

ज्या वाचकांस स्वतःच्या शेतांतील झाडाविषयीं शंका असेल त्यांनीं सकाळीं दहाच्या आंत एक कळी, एक उमललेलें फूल, एक फळ, एक खालचें व एक वरचें पान असा नमुना काढावा. फूल उभें चिरून दोन भाग करावे व सर्व वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून जड पाट्याखालीं ठेवावें. पहिले चार दिवस कागद रोज बदलावा, नाहींतर भेंडीच्या कुलांतील फुलें चिकटतात व बुरसतात. बोंडाच्या अंबाडीचा पुष्पकोश मांसल असल्यामुळें लवकर वाळत नाहीं. त्याचा पातळ काप घ्यावा. उपकोशाच्या पट्ट्या किती व त्या मोकळ्या कीं जुळलेल्या, हें ताज्या फुलावर पाहून कागदाच्या कोपऱ्यांत लिहून ठेवावें, कारण वाळल्यावर तें सांगणें कठीण जातें. तारीख, गट नंबर व बीं कोणाकडून आणलें हेंही लिहावें.

माझ्या घरीं यंदा बियांचीं दोन गाडगीं भरलेलीं आहेत. एकावर 'बोंडाची, उपकोश जुळलेला' व दुसऱ्यावर 'वाखाची, उपकोश मोकळा' अशी चिठ्ठी आहे. दुसऱ्या गाडग्यांतील बीं बांधाला टाकण्यासाठीं काकूंनीं मागितलें आहे; गाईच्या दाव्यासाठीं त्यांना प्लास्टिकचा दोर चालत नाहीं.